पाहुण्याला प्यावयास काय द्यावें?



पाहुणा दारांत आला कीं प्रथम त्याला पाणी द्यावें, हा रिवाज आपल्याकडे कोणाला शिकवावा लागत नाहीं. आपल्या खेड्यांतून त्या पाण्याबरोबर गुळाचा एक खडा येतो, आणि या आदरातिथ्याला गूळपाणी असें सुटसुटीत नांवहि मिळालें आहे. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्यें एखाद्या सिंधी कुटुंबांत आपण गेलों, तर पाण्याच्या पेल्याबरोबर भाजलेला पापड पुढें येतो. उन्हांतून आलेल्या माणसानें नुसतें पाणी घटाघटा पिऊं नये, तोंडांत कांहीं टाकून, जरा विसावून मग प्यावें, हा विचार दोन्ही रीतींच्या मुळाशीं असावा. एकानें त्यासाठीं गूळ निवडला, दुसऱ्यानें पापड. परंतु पेल्यांतलें पाणी दोघांनींहि जसेंच्या तसें ठेवलें.

आजचें माझें भाषण त्या पेल्यासंबंधीं आहे. ज्यांना साखर कमी करावयास सांगितलें आहे अशा माणसांनीं काय प्यावें, आणि अशा माणसाला दुसऱ्यानें प्यावयास काय द्यावें, या दोन प्रश्नांचा विचार मी आपल्यापुढें मांडणार आहें. पहिला प्रश्न वैद्यकाचा आहे, आणि त्याचें उत्तर फारसें अवघड नाहीं. दुसरा प्रश्न संसारांतला आहे, आणि माझ्या मतें खरी अडचण तेथेंच आहे.

साखर कमी करावी असा सल्ला मिळालेला गृहस्थ सहसा ताटाकडे बारकाईनें पाहूं लागतो. लाडू बाजूला ठेवतो, श्रीखंडाला नको म्हणतो, भात दुसऱ्यांदां घेत नाहीं. पण जेवण आटोपून बाहेर पडल्यावर त्याच्या हातीं जो पेला येतो, त्याचा हिशेब तो ठेवीत नाहीं. खाणें तें अन्न, आणि पिणें तें केवळ तहानेचें निवारण, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. सणावारचीं पक्वान्नें वर्षांतून मोजक्याच वेळां पानांत पडतात. पेला मात्र दिवसांतून पांच-सहा वेळां पुढें येतो. म्हणून या समजुतीनें होणारें नुकसान पक्वान्नांनीं होणाऱ्या नुकसानीहून अधिक असूं शकतें.

उदाहरणासाठीं मी उल्हासनगर निवडलें, याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारण्यांत आली होती. फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून आलेल्या निर्वासितांना त्या छावणीच्या बराकींतून आसरा देण्यांत आला. त्यांची संख्या सुमारें एक लाख होती. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें छावणीचें शहर झालें, पण त्याचे पांच भाग अजूनहि कॅम्प या जुन्या लष्करी नांवानेंच ओळखले जातात. कॅम्प नंबर तीनमध्यें रेल्वे स्टेशन आहे, त्याच्यासमोर चांदीबाई महाविद्यालय आहे, सरकारी मध्यवर्ती रुग्णालयहि याच भागांत आहे, आणि भोवतालीं जिकडे तिकडे दुकानें.

सिंधमधून आलेल्या या कुटुंबांनीं घरदार मागें टाकलें, पण आपलीं पेयें बरोबर आणलीं. बदाम, खसखस, मगज, बडीशेप, वेलदोडे आणि मिरीं वाटून व गाळून केलेलें थादल. गुलाबाचें, चंदनाचें आणि वाळ्याचें सरबत. थंडीच्या दिवसांत केशर-वेलदोडे घातलेली ऊन ऊन दुधाची खिरणी. शेजारच्या मराठी घरांत कैरीचें पन्हें, कोकमाचें सरबत, ताक आणि चहा. दोन्ही समाज अगत्यशील. पाहुण्याला कोरड्या तोंडानें परत पाठविणें दोघांनाहि कमीपणाचें वाटतें. त्यांत वस्ती व्यापाऱ्यांची. येथें सौदा ठरण्यापूर्वीं चहा येतो, आणि ठरल्यानंतर पुन्हां येतो. अशा ठिकाणीं साखर कमी करावयाची म्हणजे नुसती जीभ आवरून भागत नाहीं. चार माणसांत वावरण्याची रीतच थोडी बदलावी लागते.

व्यापाऱ्यांच्याच गांवांत आहोंत, तेव्हां एका दिवसाचा जमाखर्च मांडूं. एक मध्यमवयीन दुकानदार डोळ्यांपुढें आणा. सकाळीं घरचा एक चहा, दुकान उघडल्यावर एक, दुपारीं गिऱ्हाइकाबरोबर एक आणि दिवेलागणीस एक, असे त्याचे चार चहा होतात. प्रत्येकांत दोन लहान चमचे साखर धरली, आणि सपाट लहान चमच्यांत ४ ग्रॅम साखर मावते असें मानलें, तर चार चहांचे ३२ ग्रॅम झाले. दुपारीं उन्हानें जीव कासावीस झाला म्हणून त्यानें पेलाभर उसाचा रस घेतला. राष्ट्रीय पोषण संस्थेनें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें १०० मिलिलिटर उसाच्या रसांत १३ ते १५ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या पेल्यांतून आणखी ३२ ग्रॅम तरी आलीच. संध्याकाळीं मित्राच्या आग्रहाखातर कोलाची २५० मिलिलिटरची बाटली झाली. तिच्यांत सुमारें २६ ग्रॅम. एकूण बेरीज ९० ग्रॅम. या गृहस्थानें दिवसभरांत मिठाईचा एक तुकडाहि खाल्लेला नाहीं. रात्रीं घरीं गेल्यावर तो मोठ्या समाधानानें सांगेल कीं, आज मीं पथ्य पाळलें!

आतां ही बेरीज कशाशीं ताडून पाहावयाची? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असा सल्ला प्रसिद्ध केला कीं, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं दहा टक्क्यांहून कमी उष्मांक मोकळ्या साखरेंतून यावेत, आणि तें प्रमाण पांच टक्क्यांच्या खालीं आणल्यास अधिक चांगलें. मोकळी साखर म्हणजे आपण किंवा कारखानदारानें वरून घातलेली साखर, आणि तिच्याबरोबरच मध, पाक व फळांचा रस यांतली साखर. दोन हजार उष्मांकांच्या आहारांत पांच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, अर्थात् सहा लहान चमचे. आमचा दुकानदार या मापाच्या साडेतीनपटींहून अधिक साखर नुसती प्याला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरचा माणूस अजून आंत गेलेला नसतो. त्यांतल्या पुष्कळांना परत फिरतां येतें. म्हणून हें भाषण रोग्यांइतकेंच त्यांच्यासाठींहि आहे.

साखर खाल्ली काय आणि प्याली काय, दोन्हींत फरक कोणता, असें कोणी विचारील. फरक आहे. संत्रें सोलून खाल्लें तर त्याच्या चोथ्याबरोबर साखर पोटांत जाते, आणि ती रक्तांत सावकाश उतरते. पेयांतली साखर आधींच विरघळलेली असते. तिला वाटेंत अडविणारें कोणी नाहीं. शिवाय पातळ पदार्थानें पोट भरल्याची जाणीव कमी होते. दुपारीं उसाचा रस घेतला म्हणून रात्रीं एक पोळी कमी खाणारा माणूस माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१० सालीं जो निष्कर्ष काढण्यांत आला, त्यांत दिवसाला एक-दोन साखरयुक्त पेयें घेणाऱ्यांना मधुमेह होण्याचा संभव, तीं क्वचित् घेणाऱ्यांपेक्षां २६ टक्क्यांनीं अधिक आढळला.

हें ध्यानांत ठेवून आतां निवडीकडे वळूं. सोय व्हावी म्हणून पेयांच्या तीन पंगती कराव्या. पहिल्या पंगतींत साखर मोजण्याचें कारणच नाहीं अशीं पेयें, दुसरींत मोजून घ्यावयाचीं, आणि तिसरींत केवळ प्रसंगानें, तींहि घोट-दोन घोट, घ्यावयाचीं.

पहिल्या पंगतीचा मान अर्थातच पाण्याला. पाणी बेचव लागतें अशी तक्रार करणाऱ्यांनीं आपल्या आज्या काय करीत तें आठवावें. उन्हाळा लागला कीं माठांत वाळ्याची जुडी पडे, कधीं मोगऱ्याचीं चार फुलें पडत. वास वाळ्याचा, गारवा माठाचा, आणि साखर मुळींच नाहीं. याच वाळ्याचें हिरवेंगार सरबत बाजारांत बाटलींत मिळतें, त्यांत मात्र साखरेचा पाकच मुख्य असतो. वनस्पति तीच, एका ठिकाणीं तहान भागते, दुसऱ्या ठिकाणीं साखर वाढते. भिजवून फुगविलेला सब्जा, उकळून निवविलेलें जिऱ्याचें पाणी, लिंबू पिळून चिमूटभर मीठ घातलेलें पाणी, हीं सारीं याच पंगतींतलीं.

पाण्याच्या खालोखाल ताक. दह्याच्या तिप्पट-चौपट पाणी घालून घुसळलेल्या ताकांत आलें, जिरें, कोथिंबीर आणि हिंग पडलें कीं दुसऱ्या कोणत्याहि पेयाची आठवण होऊं नये. हॉटेलांतल्या मठ्ठ्यांत किंवा लस्सींत मात्र साखर असते, म्हणून तेथें विचारून घ्यावें. कोंकणची सोलकढीहि बिनसाखरेची. तिच्यांत नारळाचें दूध असल्यामुळें ती स्निग्ध आहे, एवढेंच लक्षांत ठेवावें. येथें कोकमासंबंधीं एक भेद सांगतों. कोकमाचें आगळ म्हणजे मीठ घातलेला आंबट रस. अमृतकोकम म्हणजे साखरेच्या पाकांत मुरविलेला रस. दोन्ही बाटल्या दुकानांत शेजारीं शेजारीं असतात, रंगहि सारखाच. आगळ पाण्यांत घालून जिऱ्याची पूड टाकली तर उत्तम पेय होतें. परंतु आगळ, ताक, लिंबूपाणी आणि तो अगत्याचा पापड, या सर्वांत मीठ आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांची जोडी वारंवार एकत्र आढळते. तेव्हां साखरेच्या जागीं मिठाचा चमचा भरूं नये.

दुसऱ्या पंगतींत आपला चहा आहे. चहाशीं वैर करण्याचें कारण नाहीं; चहांत जें आपण घालतों त्याच्याशीं आहे. एकदम साखर सोडणाराचा निश्चय बहुधा आठवड्यांत मोडतो. त्यापेक्षां पहिल्या आठवड्यांत दोन चमच्यांचा दीड करावा, पुढें एक, मग अर्धा. जीभ सवयीची बांधलेली आहे. कांहीं आठवड्यांनीं जुना चहा कोणी पुढें केला तर तोच पाकासारखा लागतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. साखर कमी झाली म्हणून चहाची संख्या मात्र वाढूं देऊं नये. जेवणाच्या आधीं व नंतर तासभर चहा टाळावा, असें राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. कारण चहांतील टॅनिन अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं.

चहाच्या गोष्टींत गुळाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हल्लीं गुळाच्या चहाच्या पाट्या ठिकठिकाणीं लागल्या आहेत, आणि मधुमेही मंडळी मोठ्या विश्वासानें तो पितात. गूळ साखरेहून कमी शुद्ध केलेला असतो, त्यांत थोडीं खनिजें राहतात, हें खरें. परंतु गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो, आणि रक्तांत उतरतांना ती मी गुळांतून आलें कीं डब्यांतून आलें हें सांगत नाहीं. मधाचीहि तीच कथा; त्याच्या वजनांत सुमारें चार पंचमांश साखरच असते. गुळाचा चहा आवडत असेल तर आवडीनें घ्यावा, पण औषध म्हणून घेऊं नये, आणि हिशेबांत तो साखरेच्याच खात्यावर मांडावा.

बिनसाखरेचें दूध आणि शहाळ्याचें पाणी हींहि दुसऱ्या पंगतींतलीं. दुधांत त्याची स्वतःची साखर असते, पण ती मोकळ्या साखरेंत धरीत नाहींत. पेलाभर दूध जेवणाचा भाग समजून घ्यावें. शहाळ्याच्या पाण्यांत साखर थोडी असते, पण असते. म्हणून एकावर थांबावें. त्यांत पोटॅशियम पुष्कळ असल्यामुळें मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय तें घेऊं नये.

थादल आणि पन्हें हीं दोन पेयें तिसऱ्या पंगतींतून दुसरींत आणतां येतात, म्हणून त्यांच्याविषयीं चार शब्द अधिक बोलतों. थादलाचा खरा स्वाद बदाम, बडीशेप, वेलदोडा आणि मिरीं यांत आहे. साखर एकतृतीयांशावर आणली तरी तो स्वाद कोठें जात नाहीं. उलट मिऱ्याचा तिखटपणा आणि बडीशेपेचा गंध अधिक उठून दिसतात. पेला लहान घ्यावा, कारण बदाम व मगज यांचे उष्मांकहि कमी नाहींत. पन्ह्यांत बहुतेक घरीं कैरीच्या गराइतका किंवा त्याहून अधिक गूळ घालतात. त्याऐवजीं कैरी भाजून घेतली, जिरें भाजून कुटून घातलें, पुदिन्याचीं पानें चुरडून टाकलीं आणि गूळ नांवापुरता ठेवला, तर आंबट-खारट पन्हें तयार होतें. चैत्रांतील हळदीकुंकवाला असें पन्हें करून पाहावें; त्याची कृति विचारणाऱ्या बायका निघतील.

तिसऱ्या पंगतींत उसाचा रस, बाटलीबंद गोड पेयें, पाकाचीं सरबतें, फालुदा, गोड लस्सी आणि फळांचे रसहि येतात. फळांच्या रसाचें नांव येथें ऐकून कांहीं श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. आजाऱ्याला भेटावयास जातांना रसाचा डबा नेण्याची पद्धत आहे. मध्यवर्ती रुग्णालयासारख्या कोणत्याहि मोठ्या दवाखान्याच्या दारांत भेटीच्या वेळीं असे डबे हातांत घेतलेलीं माणसें दिसतात. पण तीन-चार संत्र्यांची साखर एका पेल्यांत उतरते, आणि चोथा टाकून दिला जातो. मधुमेही आजाऱ्यासाठीं न्यावयाचेंच असेल तर एक पेरू किंवा एक संत्रें न्यावें. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानें जून २०२४ मध्यें कारखानदारांना असा आदेश दिला कीं, पाण्यांत मिसळून पुन्हां तयार केलेल्या रसावर शंभर टक्के फळांचा रस असें लिहूं नये. यावरून डब्यावरच्या शब्दांवर किती विसंबावें, तें कळून येईल.

डब्यावरचे मोठे शब्द वाचूं नयेत, मागचे बारीक आंकडे वाचावे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणें १०० मिलिलिटर पेयांत २.५ ग्रॅमांपर्यंत साखर असली तरच त्यावर कमी साखर असें लिहितां येतें, आणि ०.५ ग्रॅमांपर्यंत असली तर साखरमुक्त. आंकडा बहुधा १०० मिलिलिटरचा छापलेला असतो. बाटली २५० ची असेल तर अडीचनें गुणावें, ६०० ची असेल तर सहानें. वरून साखर घातलेली नाहीं असें लिहिलें असलें, तरी आंतल्या फळांच्या रसाची साखर राहतेच. ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, हीं सारीं एकाच कुळांतलीं नांवें आहेत.

कृत्रिम गोडीविषयींहि नेहमीं विचारणा होते. सॅकरिनचा शोध १८७९ सालीं लागला. त्यानंतर अशा पुष्कळ वस्तु आल्या. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं असें सांगितलें कीं, केवळ वजन उतरविण्यासाठीं यांचा आश्रय करूं नये. ज्यांना मधुमेह आहेच त्यांना मात्र हा सल्ला लागू केलेला नाहीं. साखरेची बाटली सोडतांना मधल्या काळांत यांचा आधार घेतला तर हरकत नाहीं. पण जिभेला कमी गोडाची संवय लावणें हें काम त्यानें होत नाहीं, आणि तें केल्यावांचून सुटका नाहीं.

येथवर साखरेच्या विरुद्ध बोललों. आतां तिच्या बाजूनें बोललें पाहिजे, कारण तें न सांगणें धोक्याचें होईल. जे इन्सुलिन घेतात, किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतात, त्यांच्या रक्तांतली साखर कधीं कधीं एकाएकीं फार खालीं जाते. हातपाय कांपतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढें अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलूं लागतो. अशा वेळीं पथ्याचा विचार करीत बसूं नये. चार लहान चमचे साखर पाण्यांत ढवळून ताबडतोब पाजावी. १५ मिनिटांनीं बरें वाटलें नाहीं तर पुन्हां द्यावी, आणि सांवरल्यावर कांहीं खावयास द्यावें. साखरमुक्त पेयाचा येथें कांहीं उपयोग नाहीं. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडांत कांहींहि घालूं नये. तडक दवाखाना गांठावा. म्हणून घरांतून साखरेचा डबा हद्दपार करूं नये. तो औषधांच्या फळीवर ठेवावा, म्हणजे त्याचें योग्य स्थान आणि योग्य माप दोन्ही लक्षांत राहतील. चातुर्मासांत उपास करणाऱ्या मराठी भगिनींनीं, आणि झूलेलालांचें चाळीस दिवसांचें व्रत धरणाऱ्या सिंधी बंधुभगिनींनीं, व्रत सुरू होण्यापूर्वींच आपल्या औषधाचें प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

जुलाब-वांत्या झाल्या असतां द्यावयाचें क्षारयुक्त पाणी हेंहि असेंच औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणें त्याच्या एका लिटरमध्यें १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतें, आणि मीठ आंतड्यांतून शोषलें जाण्यासाठीं तें आवश्यक आहे. त्याच नांवानें गोड पेयें विकलीं जाऊं लागलीं होतीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें अन्नसुरक्षा प्राधिकरणानें इतर पेयांच्या नांवांत ओआरएस हीं अक्षरें वापरण्यास मनाई केली. तेव्हां पुडी घेतांना ती त्या प्रमाणाची आहे कीं नाहीं, तें वाचूनच घ्यावी.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे येतों. काय प्यावें हें बहुतेकांना ठाऊक असतें. तरीहि पेला हातीं घेतला जातो. कां? कारण तो पेला कोणीतरी प्रेमानें पुढें केलेला असतो. नको म्हटलें तर वहिनींना वाईट वाटेल, व्याही रागावतील, गिऱ्हाईक दुखावेल. आणि नको म्हणण्याचें कारण सांगावें, तर चार माणसांत आपल्या आजाराची चर्चा सुरू होते. एकजण विचारतो, किती आहे हो तुमची साखर? दुसरा कारल्याचा रस सुचवितो. तिसरा म्हणतो, एका दिवसानें काय होतें! या तिसऱ्या माणसाला हें ठाऊक नसतें कीं, आज हेंच वाक्य पाहुण्यानें आणखी तीन घरीं ऐकलें आहे. पाहुणा मग मुकाट्यानें पेला संपवितो. यांत तो दुबळा आहे असें मी म्हणणार नाहीं. आपण त्याच्यापुढें निवडच अशी ठेविली कीं, एका बाजूस प्रकृति आणि दुसऱ्या बाजूस माणुसकी. आणि सभ्य माणूस अशा वेळीं स्वतःच्या प्रकृतीला मागें सारतो.

म्हणून पथ्याचा भार रोग्यावर एकट्यावर टाकूं नये, त्यांतला अर्धा यजमानानें उचलावा. त्याला फार कांहीं करावयाचें नाहीं. चहा सर्वांसाठींच बिनसाखरेचा करावा, आणि साखरेची वाटी व चमचा तबकांत ठेवून द्यावा. ज्याला हवी तो घेईल. आजारी कोण आणि धडधाकट कोण, याचा उच्चारहि होत नाहीं. एकट्या रोग्यासाठीं वेगळा, पथ्याचा म्हणून ओळखूं येणारा पेला आणला कीं तो पंक्तींतून उठविल्यासारखा होतो. तसें करूं नये. सरबत द्यावयाचें तर शेजारीं ताकाचा किंवा लिंबूपाण्याचा पेलाहि ठेवावा, आणि आधीं पाणी द्यावें. उन्हांतून आलेल्याची तहान पाण्यानें भागली म्हणजे सरबताचा पेला लहान पुरतो. एकदां नको म्हटलें कीं पुन्हां आग्रह करूं नये. आग्रह हें प्रेमाचें लक्षण खरें, पण ऐकून घेणें हें त्याहून मोठें लक्षण आहे. दुकानदार बंधूंनीं चहावाल्याला एवढेंच सांगून ठेवावें कीं, आमच्या किटलींत साखर घालूं नकोस, पुड्या वेगळ्या दे. त्याच्याहि चार पुड्या वांचतील.

आणि हें सारें मुलें पाहत असतात. घरांत पाहुणा आला कीं रंगीत बाटली उघडते, हें पाहून वाढलेल्या मुलाच्या मनांत आनंद आणि गोड पेला यांची गांठ पडते. ती पुढें कोणत्याहि डॉक्टरला सोडवितां येत नाहीं. माठांतलें वाळ्याचें पाणी पाहुण्याला कौतुकानें दिलें जातें, हें पाहून वाढलेलें मूल त्याच पाण्यांत आनंद मानील.

सिंध सोडून जे लोक बराकींत उतरले, त्यांच्याजवळ पहिल्या दिवसांत पाहुण्याला देण्यासारखें फारसें नसणार. पापड आणि पाणी हा रिवाज मात्र गांठीशीं होता, आणि तो आजहि टिकला आहे. आपल्या गूळपाण्यांतहि गुळाचा खडा बोटाच्या पेराएवढाच असे, पाणी मात्र तांब्याभर. आपल्या वडीलधाऱ्यांनीं प्रमाण बरोबर ओळखलें होतें. मध्यंतरीं आपण तें उलटें केलें. तें पुन्हां सुलटें करावयास कोणतेंहि नवें शास्त्र शिकावें लागत नाहीं. आज संध्याकाळीं आपल्याकडे कोणी आलें, तर आधीं पाणी द्या, मग विचारा, आणि तो जें सांगेल तेंच द्या.